जुन्या गाडीचे स्पार्क प्लग घरच्या घरी बदलताना

सेकंडहँड पेट्रोल गाडी घरी आली की नवा मालक आधी टायर बघतो, बॅटरी बघतो, इंजिन ऑइल बदलून घेतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीने पेटवणारे स्पार्क प्लग इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, खोल बसलेले असतात, दिसत नाहीत, म्हणून ते मागे पडतात. आधीच्या मालकाने ते शेवटचे कधी बदलले याची नोंद सर्व्हिस बुकात क्वचितच सापडते. बदलले असले, तरी योग्य नंबरचे बसवले का, नीट आवळले का, हे कुठेच लिहिलेलं नसतं. नवा प्लग बसवणं सोपं आहे. अनोळखी हातांनी आवळलेला जुना प्लग न मोडता, हेडमधले आटे न दुखावता बाहेर काढणं, यातच या कामाची सगळी काळजी आहे.

तरीही नवख्याला जमेल असं हे काम आहे. तीन किंवा चार सिलिंडरच्या साध्या इंजिनाला पहिल्या वेळी दीड-दोन तास धरा. डिझेल गाडीवाल्यांनी इथेच थांबावं, कारण डिझेलला स्पार्क प्लग नसतो. तिथे असतो तो ग्लो प्लग आणि त्याचं काम वेगळं.

प्लग थकल्याची लक्षणं मुंबईत ओळखू येतात ती अशी: सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी दोन-तीन सेल्फ खाते. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं. फ्लायओव्हरच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी झटके देते. ॲव्हरेज हळूहळू उतरतं, आणि पीयूसीच्या चिठ्ठीवर हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो, कारण पेट न घेतलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून तसंच बाहेर पडतं. यातली प्रत्येक गोष्ट खराब कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग), तुंबलेला एअर फिल्टर किंवा इंजेक्टर यांच्यामुळेही होऊ शकते. पण प्लग सगळ्यांत स्वस्त असतो, आणि काढलेला प्लग इंजिनाच्या आतली हकिकत सांगतो, म्हणून सुरुवात तिथून करावी.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर एक-दोन दिवस चालेल. तोच दिवा चालवताना लुकलुकत असेल, तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण पेट न घेणं, मोठा आहे. कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं, तो तापून आतून वितळतो, आणि त्याचा खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो. अशा वेळी गाडी बाजूला घ्या.

प्लग कोणता घ्यायचा

सर्वांत जास्त होणारी चूक: जुना प्लग काढून दुकानात न्यायचा आणि ‘असाच द्या’ म्हणायचं. तुमच्या गाडीत बसलेला प्लग बरोबर आहे असं कुणी सांगितलं? ओनर्स मॅन्युअलमध्ये प्लगचा नंबर आणि गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर) दोन्ही दिलेलं असतं. मॅन्युअल मिळालं नसेल तर कंपनीच्या स्पेअर काउंटरवर चासी नंबर सांगितला की पार्ट नंबर मिळतो.

नंबर वाचायला शिकणं उपयोगाचं आहे. एनजीकेचा बीपीआर६ईएस हा जुना, प्रसिद्ध प्लग घ्या. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर आणि पान्याचं तोंड २०.८ मिलिमीटर. पी म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. इंजेक्शनच्या गाडीत तो असायलाच हवा, नाहीतर ठिणगीचा विद्युत गोंगाट कंप्युटरला आणि रेडिओला त्रास देतो. ६ हा हीट रेंज. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. त्याच कंपनीचा बीकेआर६ई-११ असेल, तर बीके म्हणजे व्यास तोच पण पाना १६ मिलिमीटरचा, आणि शेवटचा ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर.

हीट रेंजच्या आकड्यात एक खाच आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो; बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. म्हणून ‘सहा नसेल तर सातचा घ्या, एकच आहे’ हा सल्ला काउंटरवरून कितीही आत्मविश्वासाने आला तरी घेऊ नका. कंपनी बदलायची तर त्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल, इंजिन आणि साल बघूनच.

गरम आणि थंड म्हणजे काय, हे मुंबईत गाडी चालवणाऱ्याने खरोखर समजून घ्यावं. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. ८५० अंशांच्या आसपास पोचलं, तर ठिणगी पडायच्या आधीच ते टोक मिश्रण पेटवून देतं, आणि पिस्टनला त्याचा मार बसतो. या दोन आकड्यांच्या मधे राहण्यासाठी प्लगमधून उष्णता किती वेगाने हेडकडे जावी, ते हीट रेंज ठरवते. आता अंधेरीहून सीप्झपर्यंत रोज चाळीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी बघा. तिचे प्लग ४५० अंश क्वचितच गाठतात, कार्बन साठत राहतो. कंपनीने दिलेल्यापेक्षा थंड प्लग अशा गाडीत लावला तर तो काही महिन्यांत काळा पडणारच. उलट गरम प्लग लावून तो प्रश्न सोडवू नका. तोच प्लग घाटात, भर उन्हात, चार माणसं आणि एसी असताना इंजिनाच्या जिवावर येतो. त्यापेक्षा महिन्यातून एक-दोनदा गाडी एक्स्प्रेस वेवर अर्धा तास सलग चालवली, तर प्लग स्वतःच साफ होतात.

आट्यांची लांबी चुकली तर नुकसान तात्काळ होतं. जास्त लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. आखूड प्लग लावला तर हेडमधले खालचे आटे उघडे राहतात, त्यांत कार्बन घट्ट बसतो, आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग आत जाताना त्या कार्बनवर अडकतो.

निकेल, प्लॅटिनम की इरिडियम? कंपनीने जे दिलं ते. साधा निकेल प्लग शे-दोनशे रुपयांच्या घरात मिळतो आणि पेट्रोलवर साधारण ३०,००० ते ४०,००० किलोमीटर चालतो. इरिडियम त्याच्या कित्येक पट महाग, पण ८०,००० ते १,००,००० किलोमीटरची मजल मारतो. मूळ निकेलवर चालणाऱ्या जुन्या गाडीत इरिडियम घातल्याने ॲव्हरेज लक्षात येण्याइतकं वाढत नाही. बरोबर नंबरचा निकेल प्लग वेळेवर बदललेला कधीही चांगला. मूळ इरिडियम असलेल्या गाडीत मात्र पैसे वाचवायला निकेल घालू नका.

सीएनजी असेल तर वेगळा विचार करावा लागतो, आणि मुंबईत ती शक्यता मोठी. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून सीएनजीवर गॅप कमी ठेवतात, बहुतेकदा ०.७ ते ०.८ मिलिमीटर, आणि प्लग पेट्रोलच्या निम्म्या अंतरात, म्हणजे १५,००० ते २०,००० किलोमीटरला बघावे लागतात. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर टाकली की झटके देते, असं असेल तर किटवाल्याकडे जाण्याआधी प्लग तपासा. कंपनीची सीएनजी गाडी असेल तर तिच्या मॅन्युअलमध्ये प्लगचा वेगळा नंबर दिला आहे का, तेही पाहा.

किती प्लग लागतील ते बॉनेट उघडून मोजा. अल्टो ८०० ला तीन, २०२४ च्या आधीच्या पेट्रोल स्विफ्टला चार. अंदाजाने मात्र जाऊ नका: आय-डीएसआय इंजिनाच्या जुन्या होंडा सिटीला चार सिलिंडर असूनही आठ प्लग आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन. आणि बदलायचे तर सगळे एकदम बदला.

खरेदीसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा स्पेअर बाजार या दोन जागा मुंबईकर गाडीवाल्यांच्या ओळखीच्या. काही जुने दुकानदार बॉशच्या प्लगला अजून ‘मायको’ म्हणतात, त्याने गोंधळू नका. कंपनी तीच, नाव बदललं. नकली प्लगचा सुळसुळाट आहे, त्यामुळे जीएसटीचं बिल घ्या. प्लग हातात घेऊन बघा: पांढऱ्या चिनी मातीवरची छपाई स्पष्ट हवी आणि नखाने खरवडून निघता कामा नये, वायसर आट्यांवरून सहज गळून पडता कामा नये, बाजूचा इलेक्ट्रोड मधल्या टोकाच्या बरोबर समोर हवा. घरी मल्टिमीटर असेल तर वरच्या टर्मिनलपासून खालच्या मधल्या टोकापर्यंत मोजा. रेझिस्टर प्लग साधारण पाच किलो-ओहमच्या आसपास दाखवतो. ‘आर’ छापलेला प्लग शून्य दाखवत असेल तर तो परत करा.

हत्यारं

प्लगची गोटी, म्हणजे आत रबर किंवा चुंबक असलेला सॉकेट. बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटरची लागते, जुन्यांना २१ ची, काही नव्या इंजिनांना १४ ची. रॅचेट, सहा आणि दहा इंची एक्स्टेन्शन रॉड. कॉइलचे आणि बॅटरीचे बोल्ट यांच्यासाठी दहाचा पाना. फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पाती. शक्य असेल तर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना. नागदेवी स्ट्रीटवर एक फेरी मारली की हे सगळं एका गल्लीत मिळतं.

याशिवाय दोन घरगुती वस्तू ज्यांच्यावाचून काम करू नये: हवा मारायला सायकलचा पंप, आणि वीतभर लांबीचा रबरी फ्यूल पाइप, जो प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल. पाइप कशासाठी ते पुढे येईल. अंड्यांचा रिकामा ट्रेही जवळ ठेवा, जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवायला.

कधी आणि कुठे

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घेतली तर उत्तम; निदान चार तास तरी थांबा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते गरम असताना मऊ असतं, आणि त्यातून पोलादी प्लग फिरवून काढताना आटे सोबत घेऊन येतो. हातावर चटका बसतो तो वेगळाच.

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये रविवारी सकाळी हे काम आरामात होतं, पण आधी सोसायटीचा नियम विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई असते, आणि अर्धी उघडलेली गाडी हलवता येत नाही. उघड्या पार्किंगमध्ये जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. प्लगच्या विहिरी (प्लग बसतात ती खोल भोकं) उघड्या असताना एक सर आली तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं.

हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. काही गाड्यांचा रेडिओ यानंतर कोड मागतो, तो आधीच शोधून ठेवा.

जुने प्लग काढणं

इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण वर ओढलं की निघतं. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा इंजिनाच्या डोक्यावरच बसलेला असतो. तो काढावा लागेल. कुठलीही नळी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि उघड्या पडलेल्या इनटेकच्या (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, म्हणजे वायसर आत पडायला नको. एखाद्या इंजिनात प्लगपर्यंत जायला इनटेक मॅनिफोल्डच काढावं लागत असेल, तर पहिलं काम म्हणून ती गाडी निवडू नका.

आता दोन प्रकार दिसतील. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल, किंवा एकाच कॉइल पॅकमधून निघालेल्या जाड प्लग वायरी. वायरी असतील तर एक नियम पाळा: एका वेळी एकच वायर काढा, त्या सिलिंडरचं काम पूर्ण करा, वायर परत लावा, मग पुढची. चारही एकदम काढून वायरींची अदलाबदल झाली की गाडी सुरूच होत नाही, किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडते. वायर कधीही तारेला धरून ओढायची नाही. रबरी टोपीला धरून आधी थोडी पिळायची, चिकटलेलं रबर सुटू द्यायचं, मग सरळ वर.

स्वतंत्र कॉइल असतील तर मार्करने १, २, ३ लिहून घ्या. कनेक्टरची खिट्टी दहा-बारा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. कनेक्टर आधी किंचित आत ढकला, मग खिट्टी दाबा, मग बाहेर ओढा. असं केल्याने खिट्टीवरचा ताण जातो आणि ती तुटत नाही. समुद्राजवळच्या सोसायट्यांत उभ्या राहिलेल्या गाड्यांत कॉइलचे दहाचे बोल्ट गंजलेले सापडतात. त्यांच्यावर आधी डब्ल्यूडी-४० मारा आणि दहा मिनिटं थांबा. हे करताना वायरी कुरतडलेल्या आहेत का तेही बघा. खालच्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशी इंजिनाच्या उबेला येतात, आणि प्लग बदलूनही न गेलेला मिसफायर बऱ्याचदा त्यांच्या दातांमुळे असतो.

कॉइल निघाली की खाली विहीर दिसते. घाई इथे करायची नाही. विहिरीत माती, वाळू, सुकलेला पालापाचोळा साठलेला असतो, आणि प्लग निघताच तो सगळा सिलिंडरमध्ये पडायला मोकळा होतो. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा उठायला वाळूचे चार कण पुरतात. म्हणून डोळे सांभाळून पंपाने जोरात हवा मारा, टॉर्च लावून बघा, पुन्हा मारा.

विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग किंवा विहिरीभोवतीचं सील गेलं आहे. ऑइल कापडाने टिपून घ्या. प्लग बदलून काम भागेल, पण ते सील महिन्याभरात बदलून घ्या, कारण ऑइलमध्ये भिजलेलं कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाजूला निसटते. पाणी किंवा गंज दिसला तर आधीच्या पावसात गाडी हिंदमातासारख्या तुंबलेल्या ठिकाणाहून गेलेली असू शकते, किंवा कुणीतरी इंजिनावर प्रेशरने पाणी मारून धुतलं असेल.

गोटी प्लगवर पूर्ण खाली जाऊन बसली आहे ना, ते हाताने हलवून बघा. रॅचेट सरळ उभ्या रेषेत ठेवा, तिरकं नको. तिरक्या जोराने चिनी माती तडकते. डावीकडे जोर लावा. पहिला ‘कट’ आवाज आला आणि प्लग सैल झाला की थांबा, पाव फेरीवर पुन्हा हवा मारा, आणि मग पुढे काढा.

आवाज आला, पण फिरवायला जड जातंय? किंवा हलतच नाही? हाच तो जुन्या गाडीचा प्रसंग. पाइप घालून पान्याची लांबी वाढवू नका. प्लगच्या बुडाशी मुरणारं तेल सोडा आणि अर्धा-एक तास थांबा. रात्रभर थांबलात तर अजून चांगलं. मग पाव फेरी सैल, थोडं परत आवळा, पुन्हा सैल, थोडं तेल. असं पुढे-मागे करत आट्यांतला कार्बन चुरून बाहेर येऊ द्या. एका प्लगला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. फिरवताना जोर वाढतच चालला असेल, किंवा लोण्यासारखं मऊ, कुरकुरीत जाणवत असेल, तर आटे निघू लागले आहेत. तिथे थांबा आणि प्लग होता तसा ठेवून मेकॅनिकला बोलवा. आटे गेले तर हेडमध्ये हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची स्प्रिंग बसवता येते, पण ते काम मशीन शॉपचं, आणि धातूचा भुगा सिलिंडरमध्ये जाऊ न देता करायचं.

चिनी माती तुटून वरचा भाग हातात आला तर घाबरू नका. तुकडे हवेने आणि चिमट्याने एकूण एक काढा; खालचा षटकोनी भाग बहुतेकदा साध्या खोल गोटीने निघतो.

काढलेला प्लग वाचा

ट्रेमध्ये ठेवलेले प्लग उजेडात एकमेकांशेजारी बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ते सिलिंडर निरोगी आहे. चिनी मातीवर, धातूच्या कडेलगत एक तपकिरी कडं दिसतं. त्याला गळती समजू नका, ते विद्युत क्षेत्राने खेचलेल्या धुळीचं असतं. उभी काळी बारीक रेघ असेल तर मात्र ठिणगी बाहेरून खाली उतरत होती, म्हणजे कॉइलचं रबर किंवा प्लग वायर बदला.

कोरडा, काजळीसारखा काळा: मिश्रणात पेट्रोल जास्त. सगळे सारखेच काळे असतील तर एअर फिल्टर आणि छोट्या फेऱ्या यांच्याकडे बघा. ओला, तेलकट, चमकणारा काळा: व्हॉल्व्ह सील किंवा रिंगांतून ऑइल येतंय. हा प्रकार एकाच सिलिंडरला असेल तर त्या सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे आतल्या दाबाची तपासणी, करून घ्या. गाडी अजून वॉरंटीत किंवा विक्रेत्याशी बोलण्याच्या मुदतीत असेल तर हा प्लग जपून ठेवा. पांढरा, फोड आल्यासारखा: अति उष्णता. मिश्रणात हवा जास्त, प्लग चुकीचा, किंवा गॅसचं ट्यूनिंग बिघडलेलं.

मधल्या टोकाच्या कडा गोल झिजलेल्या दिसतील. जुन्या प्लगचा गॅप फीलर गेजने मोजून बघा. ०.८ चा १.२ झालेला असतो, आणि एवढी दरी ओलांडायला कॉइलला रोज जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कॉइल अकाली मरतात त्या बहुतेकदा यामुळे.

नवे बसवताना

नव्या प्लगचा गॅप ‘कंपनीतून बरोबरच येतो’ असं समजू नका. खोका एकदा पडला तरी गॅप बदलतो. मॅन्युअलमधल्या आकड्याचं पातं किंचित घासत सरकलं पाहिजे. कमी-जास्त करायचा तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवायचा. मधल्या टोकावर पान्याचा आधार घेऊन रेटायचं नाही. इरिडियमचं टोक तर केसासारखं बारीक असतं, त्याला धातूचं गेज लावूच नका. गॅप चुकीचा दिसला तर प्लग बदलून आणा.

वरची छोटी टर्मिनलची टोपी बघा. काही गाड्यांना ती लागते, काहींना काढावी लागते. जुन्या प्लगवर जशी होती आणि कॉइलच्या स्प्रिंगशी जशी जुळते तशी ठेवा, आणि ठेवली तर ती घट्ट फिरवून ठेवा.

आता तो रबरी पाइप. प्लगचं डोकं पाइपच्या टोकात खोवा, विहिरीत उतरवा, आणि आधी अर्धी फेरी उलट, डावीकडे फिरवा. आटे जुळल्याचा हलकासा खाली बसल्यासारखा भास होतो. मग उजवीकडे, फक्त बोटांनी. आटे तिरके लागले तर रबर घसरतं आणि प्लग अडतो; रॅचेटला ते कळत नाही, तो तसाच रेटून हेडचे आटे कापतो. बोटांनी चार-पाच फेऱ्या सहज गेल्या तरच गोटी घ्या. पाइप नसेल तर गोटी आणि एक्स्टेन्शन रॉड हातात धरून फिरवा, रॅचेट न लावता.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका. आजच्या प्लगच्या आट्यांवर कंपनीचा मुलामा असतो. वरून वंगण लावलं की टॉर्क रेंचवर तोच आकडा दिसतो, पण प्रत्यक्षात प्लग जास्त आवळला जातो. जुने आटे असे ताणले जातात.

वायसरवाला १४ मिलिमीटरचा प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरचा १५ ते २०, १० मिलिमीटरचा १० ते १२. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर बोटांनी तळाला टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून पान्याने अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. एवढ्यात नवा वायसर दबून सील होतो. काढलेला प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच दबलेला आहे, म्हणून बोटांनंतर एक-बारांश फेरी पुरे, म्हणजे घड्याळात पाच मिनिटांचा सरकाव. वायसर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग एक-सोळांश फेरीतच घट्ट होतो. सैल राहिलेला प्लग उष्णता हेडला देऊ शकत नाही, तापतो आणि गॅस गळतो. जास्त आवळलेला पुढच्या वेळी निघत नाही. दोन्हीकडे तुम्हालाच त्रास.

कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहू देणाऱ्या ग्रीसचा) अगदी पातळ हात फिरवा, धातूच्या स्प्रिंगला नको. पावसाळ्यात ओलावा आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी रबर चिकटत नाही. कॉइल सरळ दाबा, बसल्याचा ठक आवाज येईल. बोल्ट हलक्या हाताने आवळा, ते प्लास्टिकमधून जातात. कनेक्टर ‘टक’ झाला पाहिजे.

सुरू केल्यावर

इनटेकमध्ये कोंबलेलं फडकं काढलं ना? एअर फिल्टरचा डबा लावला, बॅटरीची तार जोडली? मग सेल्फ मारा. बॅटरी सोडल्यामुळे पहिली काही मिनिटं आयडलिंग वर-खाली होऊ शकतं, ते आपोआप बसतं. एका सिलिंडरने साथ सोडली असेल तर इंजिन एका ठेक्यात लंगडतं. तेव्हा बंद करून कनेक्टर बघा. दहापैकी नऊ वेळा एखादा अर्धवट बसलेला असतो.

तरी मिसफायर राहिला तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. पी०३०२ म्हणजे दुसरं सिलिंडर, पी०३०३ म्हणजे तिसरं. समजा पी०३०२ आला. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला लावा, जुना कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली आहे. पी०३०२ वरच राहिला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासायला गॅरेजला न्या. सीएनजी गाडीत ही फेरी पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्ही मारा.

शेवटी एक पांढऱ्या टेपचा तुकडा घेऊन त्यावर तारीख, किलोमीटर, प्लगचा नंबर आणि गॅप लिहा आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. ही गाडी पुढे कुणी घेतली, तर तुम्हाला जी माहिती मिळाली नव्हती ती त्याला मिळेल.